आयपीएने पुसलेला बोर्ड वाळला की पुन्हा पांढरा पडतो

आयसी (चिप) बदलली, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेली राळेची पेस्ट) काढायला आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल मारलं, ब्रश फिरवला, बोर्ड चकाचक दिसला. दोन मिनिटांत वाळला आणि पॅडच्या (पार्ट सोल्डर करायच्या धातूच्या ठिपक्यांच्या) कडेकडेने पांढुरका थर उमटला. पुन्हा आयपीए लावलं की थर गायब, वाळलं की परत हजर. मोबाइल, लॅपटॉप, इन्व्हर्टर, एसी यांचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. पावसाळा लागला की हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो. सल्लेही ठरलेले असतात: "आयपीए भेसळीचं आहे", "बाटली बदल", "थिनर मार". पहिली शंका कधीकधी खरी निघते, दुसऱ्याने क्वचित फरक पडतो, आणि तिसरं करूच नका.

बहुतेक वेळा दोष बाटलीत नसतो, पुसण्यात असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल फ्लक्स विरघळवतं, पण तो नाहीसा करत नाही. ते स्वतः उडून जातं आणि त्यात विरघळलेलं सगळं बोर्डवर सोडून जातं. जे उडण्याआधी टिपून घेतलं तेवढंच निघालं. बाकीचं फक्त जागा बदलून पसरलं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचं बरंच आपोआप सुटतं. तरी सगळे पांढरे डाग एका जातीचे नसतात, म्हणून आधी ओळख पटवून घेऊ.

पांढरं नेमकं कसलं आहे

मायक्रोस्कोपखाली बोर्ड धरा आणि डागावर ताज्या आयपीएचा एकच थेंब सोडा.

थेंबाखाली पांढरेपणा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर ती बहुधा फ्लक्सची राळ आहे. इथे एक फसगत होते. सोल्डर मास्क (बोर्डवरचा रंगीत संरक्षक लेप) खरवडला गेला असेल तरी तो ओला असताना ठीक दिसतो आणि वाळला की पांढरट. म्हणून वाळल्यावर लाकडी टूथपिकच्या टोकाने हलकेच खरवडून बघा. राळ पापुद्र्याने सुटते किंवा किंचित चिकट लागते. मास्क तसा सुटत नाही.

आयपीएने डाग हललाच नाही, पण कोमट डिस्टिल्ड पाण्याच्या बोळ्याने गेला, तर तो क्षार आहे किंवा पाण्यात विरघळणाऱ्या फ्लक्सचा अवशेष. समुद्राच्या किंवा बोअरच्या पाण्यात पडलेल्या सेटमध्ये हेच सापडतं.

आयपीएनेही नाही आणि पाण्यानेही नाही, सोल्डरच्या सांध्याभोवतीच पांढरी भुकटी आहे, आणि काम केल्यावर लगेच नव्हे तर काही आठवड्यांनी दिसली, तर प्रकरण वेगळं आहे. त्याबद्दल शेवटी.

राळ: दहातले बहुतेक डाग हेच

नेहमीच्या फ्लक्समध्ये मुख्य माल म्हणजे पाइनच्या झाडांपासून मिळणारी राळ. तिच्यात ॲबिएटिक आम्ल आणि त्याची भावंडं असतात. सोबत धातूवरचा गंज खाण्यासाठी थोडे ॲक्टिव्हेटर, आणि पेस्ट पातळ ठेवायला काही द्रावकं. राळ आयपीएत छान विरघळते, पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळलेली राळ म्हणजे दुसरं काही नाही, वार्निश. बोर्डवर आयपीए ओतून ब्रशने घासलं आणि तसंच वाळू दिलं, तर तुम्ही बोर्डला वार्निशचा एक पातळ हात दिलात.

दुकानातली पद्धत आठवून बघा. टेबलावर एक छोटी वाटी, वाटीत आयपीए, त्यात ब्रश. बोर्ड घासायचा, ब्रश परत वाटीत बुडवायचा, परत घासायचा. दुपारपर्यंत वाटीतलं आयपीए पिवळसर होतं. तो पिवळा रंग म्हणजे सकाळपासून साफ केलेल्या सगळ्या बोर्डांचा फ्लक्स. मळक्या बादलीत फडकं बुडवून फरशी पुसण्यासारखंच हे काम. वाटी बंद करा. दाबल्यावर थोडंसं आयपीए वर येतं अशी पंपाची बाटली घ्या किंवा सुई लावलेली प्लास्टिकची बाटली. वापरलेलं आयपीए मूळ बाटलीत कधीही परत ओतू नका.

आता पुसण्याची पद्धत. पहिला हात सढळ आयपीएने आणि ईएसडी (स्थिर वीज न साठवणाऱ्या) ब्रशने, फक्त फ्लक्स सैल करण्यासाठी. बोर्ड ओला असतानाच त्यावर धागे न सुटणारा कागद किंवा मायक्रोफायबरचा तुकडा सपाट पसरा, वरून थोडं आयपीए सोडा, आणि ब्रश त्या कागदावरून फिरवा. केसांच्या टोकांनी कागद पार्ट्सच्या फटींत दाबला जातो आणि मळलेलं द्रावण वर शोषून घेतो. कागद उचललात की त्यावर आयसीच्या पायांची पिवळी नक्षी उमटलेली दिसेल. जे कागदावर आलं ते बोर्डवरून गेलं. कागदाची कोरी बाजू घेऊन पुन्हा तेच. पिवळं येईनासं झालं की बोर्ड तिरका धरून वरच्या कडेने ताजं आयपीए सोडा, खालच्या कोपऱ्यावर कागद लावून ते टिपा, आणि उरलेलं स्वच्छ हवेने एकाच दिशेला कडेबाहेर ढकला. सुकवण्यासाठी फुंकायचं नाही. ओलावा बोर्डबाहेर हाकलण्यासाठी फुंकायचं.

बीजीएच्या (पायांऐवजी पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेल्या आयसीच्या) खाली ब्रशही पोचत नाही आणि कागदही. तिथे फट इतकी कमी असते की द्रावण आत खेचलं जातं आणि तिथेच राहतं. बाहेरची बाजू साफ दिसते, आणि तासाभराने आयसीच्या कडेला पांढरी रेघ येते. अशा वेळी बोर्ड उभा धरून एका कडेने ताजं आयपीए सोडत राहा आणि समोरच्या कडेला कागद टेकवून ओढून घ्या. वेळ लागतो. दुसरा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

कधीकधी राळच इतकी भाजलेली असते की आयपीए तिला दाद देत नाही. लीड-फ्री (शिसं नसलेलं) सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं, जुनं ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) फक्त १८३ ला. लीड-फ्री बोर्डवर आयसी निघत नाही म्हणून ब्लोअरची गरम हवा वाढवत नेली की राळ ऑक्सिडाइज होते, तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि विरघळण्याचा गुण कमी होतो. यावर उपाय विचित्र वाटेल, पण चालतो. डागावर ताजा फ्लक्स लावा, मध्यम तापमानाला गरम करा, जुनी राळ नव्यात मिसळू द्या. मग बोर्ड हाताला कोमट लागेपर्यंत थांबा आणि वर सांगितल्याप्रमाणे पुसा. कोमट म्हणजे कोमटच. आयपीए किती सहज पेटतं, याबद्दल पुढे लिहिलं आहे.

नो-क्लीन फ्लक्सबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत. याचा अवशेष बोर्डवर राहिला तरी चालेल अशा हिशेबाने तो बनवलेला असतो: उरलेली सौम्य सेंद्रिय आम्लं राळेच्या कवचात बंद राहतात. तुम्ही अर्धवट पुसलं की कवच जातं आणि आतली आम्लं उघडी पडतात. पांढरी भुकटी दिसते ती पुष्कळदा हीच. वर हवेतली ओल लागली की तिथून गळती सुरू होऊ शकते. म्हणून नो-क्लीनला एकतर हात लावू नका किंवा पुरतं साफ करा. मधला रस्ता सगळ्यात वाईट.

आणि डबीतली ती स्वस्त फ्लक्स पेस्ट. काहींचा आधार पेट्रोलियम जेलीचा असतो, जी आयपीएत नीट विरघळत नाही. कितीही घासा, तेलकट धुरकटपणा राहतोच. त्यावर आयपीएची बाटली बदलून उपयोग नाही, पेस्ट बदला.

बाटलीवरच संशय असेल तर

सगळं नीट करूनही थर येतो? मग बाटली तपासू. सगळ्यात सोपी चाचणी काचेची. मायक्रोस्कोपची काचपट्टी किंवा जुन्या मोबाइलच्या काचेचा तुकडा साबणाने धुऊन, डिस्टिल्ड पाण्याने विसळून वाळवा. त्यावर चार-पाच थेंब आयपीए टाका आणि धूळ बसणार नाही अशा जागी ठेवा. वाळल्यावर काच उजेडाकडे तिरकी धरून बघा. शुद्ध आयपीए काहीही मागे ठेवत नाही. गोल कडं, तेलकट डाग किंवा धुरकटपणा दिसला तर बाटलीत न उडणारं काहीतरी आहे. हीच चाचणी दोनदा करा: एकदा मूळ कॅनमधून, एकदा टेबलावरच्या छोट्या बाटलीतून. कॅन स्वच्छ आणि छोटी बाटली डाग सोडते, हे पुष्कळदा निघतं. अल्कोहोल मऊ पीव्हीसीच्या नळीतून तिला मऊ ठेवणारी तेलं ओढून घेतं. बाटली एचडीपीईची आणि नळी पॉलिप्रोपिलिनची असावी.

पाणी किती आहे हे काचेवर कळत नाही. त्यासाठी वजन करा. होमिओपॅथीची ३० मिलीची काचेची बाटली आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. रिकाम्या बाटलीचं वजन घ्या. मग ती गळ्यापर्यंत डिस्टिल्ड पाण्याने भरा आणि वजन करा. पूर्ण वाळवून त्याच खुणेपर्यंत आयपीए भरा आणि पुन्हा वजन करा. पाण्याचं निव्वळ वजन ३० ग्रॅम आलं तर ९९ टक्क्यांच्या आयपीएचं साधारण साडेतेवीस यायला हवं. साडेचोवीसच्या आसपास आलं तर माल ९० टक्क्यांच्या घरातला आहे. २६ च्या वर गेलं तर तुम्हाला ७० टक्क्यांचं जंतुनाशक विकलं आहे.

काटा नसेल तर मीठ वापरा. छोट्या काचेच्या बाटलीत थोडं आयपीए, त्यात चिमूट-दोन चिमटी कोरडं मीठ, आणि जोरात हलवा. ९९ टक्क्यांत मीठ वाळूसारखं सुटं तळाशी बसतं, कारण मीठ आयपीएत जवळपास विरघळतच नाही. ७० टक्क्यांत मीठ पाण्याला स्वतःकडे ओढतं आणि डोळ्यांदेखत दोन थर पडतात: खाली खारट पाणी, वर आयपीए. मधल्या मालात मीठ ओलसर होऊन गोळा होतं. चाचणीचा माल फेकून द्या, बोर्डजवळ आणू नका.

या दोन्ही चाचण्या पाणी पकडतात, भेसळीचं अल्कोहोल नाही. आयपीएची घनता ०.७८५, मिथेनॉल, इथेनॉल आणि ॲसिटोन सगळे ०.७९ च्या जवळ. काट्याला फरक कळणार नाही. मिथेनॉलची भेसळ बोर्डाला फारशी जाणवत नाही, पण ते त्वचेतून आणि वाफेतून शरीरात जातं आणि डोळ्यांवर घाला घालतं. म्हणून रद्दीच्या पाण्याच्या बाटलीत भरून मिळणारं 'सुटं आयपीए' घेऊ नका. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडून बॅच नंबर आणि शुद्धता छापलेला सीलबंद कॅन घ्या. परदेशी लेबलाचीही गरज नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात तळोज्यालाच आयपीए बनतं.

इतर 'स्पिरिट'चं काय? सर्जिकल स्पिरिट हे बहुधा पिता येऊ नये म्हणून बिघडवलेलं इथेनॉल, आणि त्याच्या काही प्रकारांत एरंडेल तेल व मिथाइल सॅलिसिलेट असतं. जखमेभोवतीच्या त्वचेला ते बरं, बोर्डवर तेलाचा थर. कोरोनाच्या काळातला उरलेला सॅनिटायझर अजूनही काही टेबलांवर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ७५ टक्के आयपीएसोबत १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. ग्लिसरॉल उडत नाही, वर हवेतली ओल धरून ठेवतं. जेलवाल्यात तर घट्टपणाचा पदार्थही असतो. बोर्डवर हे मारणं म्हणजे साफ करण्याच्या नावाखाली नवीन घाण लावणं.

७० टक्क्यांचं आयपीए कमअस्सल आहे असं मात्र नाही. जंतू मारायला त्यातलं पाणीच उपयोगी पडतं. प्रथिनं गोठायला पाणी लागतं आणि द्रावण त्वचेवर जरा जास्त टिकतं. काम वेगळं, माल वेगळा. बाजारात ९१ टक्क्यांचंही मिळतं. आयपीए आणि पाणी साध्या उकळण्याने त्याच्यापुढे वेगळे होत नाहीत: वजनाने ८७.७ टक्के (आकारमानाने सुमारे ९१) आयपीए झालं की ते मिश्रण ८०.४ अंशांना एकजीव उकळतं, तर शुद्ध आयपीएचा उत्कलनबिंदू ८२ च्या पुढे आहे. ९९ साठी कारखान्यात वेगळी युक्ती करावी लागते, म्हणून ते महाग. झाकण उघडं ठेवलं की 'पाणी उडून' माल तीव्र होतो असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. उलट ते हवेतली ओल पितं.

पावसाळ्यात जास्त का

द्रावण उडताना बोर्डमधली उष्णता घेऊन जातं. हातावर आयपीए लावल्यावर गार वाटतं ते यामुळेच. जुलैत कोकणात किंवा मुंबईत हवा आधीच ओलीने भरलेली. बोर्डचा पृष्ठभाग जरा थंड झाला की हवेतलं पाणी त्यावर धरतं. आयपीए त्या पाण्यात सहज मिसळतं, पण राळेला पाणी चालत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर चमचाभर आयपीएत थोडा फ्लक्स पूर्ण विरघळवा. पिवळसर, पण पारदर्शक द्रावण होईल. त्यात पाण्याचे काही थेंब सोडा. क्षणात दुधाळ. पाणी शिरल्यावर राळेला विरघळून राहता येत नाही, ती बारीक कणांनी बाहेर पडते, आणि बारीक कण पांढरे दिसतात. जे चमच्यात झालं तेच वाळणाऱ्या बोर्डवर होतं, फक्त हळू आणि पॅडच्या कडेला. तोच बोर्ड, तीच बाटली, तोच हात, आणि तरी एप्रिलमध्ये डाग नाही व जुलैत आहे, याचं कारण हे.

उपाय साधे आहेत. पुसण्याआधी बोर्ड ४०-४५ अंशांपर्यंत कोमट करा, म्हणजे उडताना तो ओल धरण्याइतका थंड होत नाही. पंख्याचा झोत थेट बोर्डवर नको; तो उडण्याचा वेग वाढवतो आणि बोर्ड आणखी थंड करतो. हवा खेळती ठेवायला खिडकी उघडी ठेवा. कॅनचं झाकण लगेच लावा. रोजच्या वापराला १००-२०० मिलीची बाटली भरा आणि मोठा कॅन उघडाच ठेवू नका. कॉम्प्रेसरची हवा मारत असाल तर टाकीतलं पाणी रोज काढा आणि नळीवर ओल व तेल अडवणारा फिल्टर लावा. बाहेर पाऊस आणि टाकीत आठवड्याचं पाणी असेल तर तुम्ही आयपीएवर पाणीच फवारताय.

जाता जाता ब्रशचं. घरातला जुना टूथब्रश वापरणाऱ्यांनी तो एकदा आयपीएत बुडवून काचेवर ठिबकवून बघावा. टूथपेस्टमध्ये घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका असते आणि ती केसांच्या बुडाशी वर्षभर बसून राहते. शोधून शोधून न सापडलेला पांढरेपणा तिथून आलेला मी पाहिला आहे.

समुद्राच्या पाण्यात पडलेला सेट

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर विसर्जनात भिजलेले सेट असतात. इथे आयपीएवर भलताच विश्वास ठेवला जातो. "वॉटर डॅमेज आहे, आयपीएत बुडवून ठेवलाय." गोड्या पाण्यासाठी ठीक. खाऱ्या पाण्यासाठी हे उलटं काम आहे.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठाची चाचणी आठवा: ९९ टक्के आयपीएत मीठ तळाशी सुटं बसलं होतं. आयपीए बोर्डवरचं पाणी ओढून घेतं आणि क्षार तिथेच, शील्डखाली (आयसीवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली) आणि बीजीएखाली, वाळवून ठेवतं. सेट सुरू होतो, ग्राहक खूश होऊन जातो, आणि पुढच्या दमट आठवड्यात तेच क्षार ओल पिऊन पुन्हा वाहू लागतात. मग हिरवा गंज, गेलेले पॅड, शॉर्ट.

म्हणून क्रम उलटा ठेवा. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. पाणी आणि करंट दोन्ही असले की तांबं खाल्लं जाण्याचा वेग भयंकर वाढतो. डिस्प्ले, कॅमेरे, स्पीकर वेगळे करा. शील्ड उघडा. मग बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रश लावून धुवा, पाणी दोन-तीनदा बदला. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं, पण आधी टीडीएस मीटर बुडवून बघा. आकडा शून्याला टेकलेला हवा. घरच्या आरओचं पाणी नको, त्यात क्षार मुद्दाम राखलेले असतात. नळाचं किंवा बोअरचं तर नकोच, ते वाळलं की स्वतःच पांढरा डाग सोडतं.

यानंतर आयपीएची खरी जागा. ते पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतं, म्हणून फटींमधलं पाणी बाहेर काढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. ९९ टक्क्यांच्या आयपीएत बोर्ड बुडवा, हलवा, काढा. ते द्रावण फेका, ताजं घ्या, पुन्हा बुडवा. मग ५०-६० अंशांच्या कोरड्या हवेत काही तास. सेट तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगणाऱ्यांना मात्र आवरता येत नाही. तांदूळ क्षार काढत नाही आणि पिठूळ धूळ चार्जिंग पिनमध्ये भरतो.

थिनर, ॲसिटोन, पेट्रोल

पांढरं जात नाही म्हणून एनसी थिनर (रंगकामाचं) मारणारे खूप. त्यात टोल्युइन आणि एस्टर जातीची द्रावकं असतात. राळ निघते, सोबत बोर्डवरची छपाई, काही कोटिंग आणि कनेक्टरची चकाकीही निघते. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, झपाट्याने उडतं आणि एबीएस व पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकना खातं. चार्जिंग सॉकेटच्या कडेचं प्लास्टिक पांढरं फटफटीत झालं असेल तर तो डाग नव्हे, इजा आहे; कशानेही परत येणार नाही. पेट्रोल मागे तेलकट भाग ठेवतं आणि त्यात बेंझिन असतं, ते हुंगायची गरज नाही.

आयपीए या सगळ्यांत सौम्य, पण निरुपद्रवी नाही. ॲक्रिलिकच्या काचेला त्याने बारीक भेगा पडू शकतात. स्क्रीनवरचा बोटांचे ठसे न धरणारा लेप वारंवार पुसून उतरतो. डिस्प्लेच्या कडेने आत गेलं तर थरांमध्ये शिरून कायमचा डाग पडतो. मायक्रोफोनच्या भोकात थेंब सोडला तर आवाज गेला म्हणून सेट परत येईल. स्विचमधलं ग्रीस धुतलं गेलं की बटण कुरकुरतं.

आग

आयपीएचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेटू शकेल असं किमान तापमान) १२ अंश. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर त्याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. हवेत २ टक्के वाफ झाली की पेटू शकते. वाफ हवेच्या दुप्पट जड, त्यामुळे ती टेबलावरून घरंगळत खाली साचते. ब्लोअर ३५० अंशांवर सुरू, शेजारी उघडी वाटी, हे चित्र दुर्मीळ नाही. ज्योतही भर उजेडात नीट दिसत नाही. हात पोळल्यावर कळतं.

तेव्हा पुसताना ब्लोअर आणि सोल्डरिंग आयर्न बंद, टेबलावर १००-२०० मिलीपेक्षा जास्त माल नाही, वापरलेले कागद झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. आयपीए उडून जाईपर्यंत बोर्डला सप्लाय देऊ नका. अल्ट्रासॉनिक मशीनच्या टाकीत थेट आयपीए ओतू नका; ती टाकी पाण्यासाठी आहे, यंत्र तापतं आणि वाफ भरते. वर्षानुवर्षं उजेडात पडलेला अर्धा रिकामा कॅन असेल तर त्यात पेरॉक्साइड तयार झालेले असू शकतात. तो माल उकळून किंवा गाळून 'शुद्ध' करण्याच्या भानगडीत पडू नका.

आठवड्यांनी उगवणारी भुकटी

आता राहिलेला प्रकार. लेड असलेल्या सोल्डरच्या सांध्याभोवती काही आठवड्यांनी पांढरी भुसभुशीत पूड येते. फ्लक्सच्या ॲक्टिव्हेटरमधलं क्लोराइड शिशाशी जुळून लेड क्लोराइड होतं. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं लेड कार्बोनेट बनतं, आणि क्लोराइड मोकळं होऊन पुढच्या शिशाला धरतं. त्यामुळे हे एकदा सुरू झालं की आपणहून थांबत नाही. ब्रशने कोरडं झाडू नका, ती शिशाची धूळ आहे; नाकाला मास्क, हाताला नायट्राइलचे मोजे. सांधा विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) उपसून जुनं सोल्डर काढा, कोमट डिस्टिल्ड पाण्याने धुवा, आयपीएने पाणी काढा, मग ताज्या सोल्डरने नवा सांधा द्या. इन्व्हर्टर आणि यूपीएसच्या जुन्या बोर्डांवर हे जास्त दिसतं. तिथे एका सांध्यावर भुकटी सापडली तर त्या रांगेतले बाकीचे सांधेही भिंगाखाली बघून घ्या.